उत्तरायणाचा अर्थ आणि आपले हळदीकुंकू

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, मनीषनगर, नागपूर येथे दिलेले भाषण)



 आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शिक्षक आहोत. आमची सारी हयात खेड्यापाड्यांतील मुलांना गणित आणि भूगोल शिकविण्यात गेली. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आमच्याकडून कोणी करू नये. जे डोळ्यांनी पाहिले, हातांनी मोजले आणि घरात अनुभवले, तेवढेच सांगण्याचा आमचा विचार आहे.

मास्तरकी करीत असताना दरवर्षी २२ डिसेंबरच्या दिवशी शाळेच्या अंगणात एक काठी उभी करावयाची आणि दुपारची सावली मुलांकडून मोजून घ्यावयाची, असा आमचा परिपाठ होता. निवृत्तीनंतरही तो सुटलेला नाही. या वर्षी आम्ही आपल्या गच्चीवर नातवाला हाताशी घेऊन एक मीटर लांबीची काठी ओळंबा लावून उभी केली. घड्याळात बारा वाजून गेले तरी सावली आखूड होतच होती. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, आणि नागपूर त्याच्या पश्चिमेस सुमारे साडेतीन अंश; म्हणून आपला खरा मध्यान्ह घड्याळाच्या मागून येतो. बारा वाजून बारा मिनिटांच्या सुमारास सावली सर्वांत आखूड झाली. नातवाने ती मोजली. ती ९८ सेंटिमीटर भरली. म्हणजे काठी जेवढी, जवळजवळ तेवढीच तिची सावली. हीच काठी २१ जूनला उभी केली तर मध्यान्हीची सावली अवघी चार सेंटिमीटर पडते, आणि तीही उत्तरेकडे न पडता दक्षिणेकडे पडते. कारण त्या दिवशी सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित पलीकडे, उत्तरेस गेलेला असतो.

या दोन दिवसांच्या दरम्यान सूर्याचे जे जाणेयेणे चालते, त्यालाच आपले पूर्वज अयन म्हणत. जूनपासून तो दक्षिणेकडे ढळत जातो, ते दक्षिणायन. आणि डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेला तो वळतो व उत्तरेची वाट धरतो, ते उत्तरायण. नागपुरास त्या दिवशी दिवसाची लांबी सुमारे १० तास ५० मिनिटे असते. जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा असतो. आपल्या प्रांतात हा फरक अडीच तासांचाच. पण युरोपच्या उत्तर टोकाकडील मुलखांत डिसेंबरमध्ये सूर्य काही आठवडे उगवतच नाही. तेथील आदिकाळच्या माणसास काय वाटत असेल, याची कल्पना आपण करावी. रोज थोडा थोडा खाली जाणारा, रोज उशिरा येणारा आणि लवकर जाणारा हा सूर्य उद्या येईल की नाही, अशी धास्ती त्याच्या मनात असल्यास नवल नाही. आणि एके दिवशी तो थांबला, वळला, असे दिसताच त्याने अग्नी पेटवावा, गोडधोड करावे, शेजाऱ्याच्या गळ्यात पडावे, हेही तितकेच स्वाभाविक होय.

म्हणूनच हा सण कोणा एका धर्माचा नाही. ख्रिस्ती धर्म पोहोचण्यापूर्वी उत्तर युरोपातील लोक ऐन हिवाळ्यात यूल नावाचा उत्सव अग्नी आणि मेजवानी यांनी साजरा करीत. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांत नाताळाला आजही त्याच जुन्या नावाने, यूल असेच म्हणतात. इराणात या सर्वांत लांब रात्रीस यल्दा म्हणतात. त्या रात्री सारे कुटुंब वडीलधाऱ्यांच्या घरी जमते, डाळिंब आणि कलिंगड खाते आणि जागून ती रात्र काढते. चीनमध्ये याच दिवशी घरची मंडळी एकत्र येतात, आणि दक्षिण चीनकडे तांदळाच्या पिठाचे गोळे करून खातात. आयर्लंडात न्यूग्रेंज या ठिकाणी सुमारे पाच हजार दोनशे वर्षांपूर्वीचे, इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही जुने, असे एक दगडी थडगे आहे. त्याच्या दारावर एक झरोका अशा बेताने ठेवला आहे की, वर्षातील याच चार-सहा दिवशी उगवत्या सूर्याचा किरण लांब बोळातून थेट आतल्या काळोख्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचतो. जेथे मृतांना ठेवले, तेथे सर्वांत लहान दिवशी प्रकाश जावा, यासाठी त्या लोकांनी एवढे मोठमोठे धोंडे वाहून आणले.

प्राचीन रोममध्ये १७ डिसेंबरपासून सॅटर्नेलिया नावाचा उत्सव चाले. त्यातील एक रीत आम्हांस फार विचार करावयास लावते. एरवी ज्या गुलामाला धन्यासमोर बसण्याचीही मुभा नसे, तो त्या दिवसांत धन्याबरोबर पंक्तीस बसे. काही घरी तर धनीच त्यास वाढीत असे. वर्षभराची उतरंड त्या दिवसांपुरती मोडली जाई. यल्दा घ्या, चीनमधील सण घ्या, न्यूग्रेंज घ्या किंवा सॅटर्नेलिया घ्या. सर्वांत लांब रात्री कोणी एकटे राहू नये, ही एकच गोष्ट आम्हांस त्या सर्वांत दिसते.

आता आपल्या घराकडे वळू. आपली मकरसंक्रांत हीच त्या कुळातली. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, सर्व भाज्यांची मिळून केलेली भाजी. दुसऱ्या दिवशी गुळाची पोळी, तिळगूळ, आणि सुगडांत ओंब्या, हरभऱ्याचे घाटे, बोरे, उसाची कांडी. थंडीत शरीरास स्निग्ध आणि उष्ण पदार्थ हवेत. तिळाच्या दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. एरवी अशुभ मानलेला काळा रंग या एकाच सणाला मानाने अंगावर घेतात, कारण काळे वस्त्र ऊन अधिक शोषून घेते. नागपूरच्या गच्च्यांवर त्या दिवशी 'ओ काट'चा जो गजर उठतो, त्या निमित्ताने सारे शहर दिवसभर उन्हात उभे असते. पुढे रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध ऊतू घालवून सूर्यास नैवेद्य दाखवितात. महाभारतातील भीष्माचार्यांनी शरपंजरी पडून वाट पाहिली ती याच उत्तरायणाची.

परंतु चाणाक्ष श्रोते आम्हांस विचारतील, "गुरुजी, सूर्य वळतो २२ डिसेंबरला आणि आपण संक्रांत करतो १४ किंवा १५ जानेवारीला. हे कसे?" प्रश्न योग्य आहे. एकेकाळी सूर्याचे वळणे आणि त्याचा मकर राशीत प्रवेश या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडत. परंतु पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय मंद गतीने डुलत असतो, आणि त्यामुळे अयनबिंदू ताऱ्यांच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. सतराशेहून अधिक वर्षांत हा फरक सुमारे २४ अंशांचा झाला. आपली पंचांगे ताऱ्यांच्या राशी धरून चालतात. ऋतू मात्र अयनबिंदू धरून चालतो. म्हणून सण पुढे गेला आणि सूर्य आधीच वळून बसला. याचा पडताळा पाहावयाचा तर स्वामी विवेकानंदांची जन्मतारीख पाहावी. त्यांचा जन्म मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. आपली संक्रांत २०२४ साली १५ जानेवारीस आणि २०२५ साली १४ जानेवारीस होती. रोमन लोकांचेही असेच झाले. त्यांच्या जुन्या पंचांगात हा दिवस २५ डिसेंबरचा मानलेला होता. सूर्य तेथून निसटला, तारीख मात्र तशीच राहिली.

आपल्या लोकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित या व्यासंगी शिक्षकाने १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीत लिहून या विषयाचा सारा इतिहास मांडला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून आपले राष्ट्रीय सौर पंचांग सुरू झाले. त्या पंचांगात २२ डिसेंबर हा पौष महिन्याचा पहिला दिवस आहे.

मग संक्रांत चुकीच्या दिवशी करतो म्हणून ती सोडून द्यावी काय? आमचे मत तसे नाही. सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरला होऊन जातो हे खरे. पण आपल्या नागपुरात त्यानंतरही सकाळचा सूर्योदय रोज काही सेकंद उशिरा होतच राहतो, आणि तो जानेवारीच्या मध्यानंतर लवकर होऊ लागतो. संध्याकाळ आधीच लांबलेली असते. पहाट मात्र संक्रांतीच्या सुमारास वळते. पूर्वजांनी हा हिशेब करून सण ठेवला, असा दावा आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, तारीख हलली तरी सणाचा अर्थ हलला नाही. अंधार मागे पडला, आता उजेड वाढणार, हे एकमेकांस गोड तोंडाने सांगणे, हा तो अर्थ. तारीख ही माणसाने बांधलेली सोय आहे. अर्थ टिकला तर सण टिकला. आणि ज्या रीतीमुळे अर्थच मोडतो, ती रीत कितीही जुनी असो, ती सुधारून घेणे हे आपले काम आहे.

आता जे बोलावयास आम्ही खरोखर उभे आहोत ते बोलतो.

आम्हांस एक थोरली बहीण होती. आम्ही तिला अक्का म्हणत असू. सव्विसाव्या वर्षी तिला वैधव्य आले आणि ती माहेरी परतली. तिच्या हाताला हलव्याचे मोठे देणे होते. पौषातील पहाटेच्या थंडीत ती शेगडी पुढे घेऊन बसे. मंद निखाऱ्यावर परात, परातीत तीळ, आणि त्यावर साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडीत ती तो बोटांनी हलवीत राही. असे दोन-दोन, तीन-तीन दिवस केल्यावर त्या तिळावर पांढरा शुभ्र काटा फुटत असे. बोटे भाजत, ती पाण्याच्या वाटीत बुडवून पुन्हा कामास लागे. आमच्या कुटुंबातील प्रत्येक बाळाचे बोरन्हाण आणि प्रत्येक सुनेची पहिली संक्रांत अक्काच्या हातच्या हलव्याच्या दागिन्यांनी सजली. मात्र हळदीकुंकवाच्या वेळी बायका अंगणात आल्या की अक्का मागच्या खोलीत जाई. तिला कोणी जा म्हणत नसे. तशी वेळच ती कोणावर येऊ देत नसे.

आमच्या सूनबाईंची पहिली संक्रांत होती. आपल्या मंडळाचे हळदीकुंकू येथेच, मनीषनगरात होते. पत्रिका आली होती, तीवर छापले होते, "सर्व सुवासिनींनी अगत्य येण्याचे करावे." सूनबाई काळी साडी नेसून, हलव्याचा हार, बाजूबंद, बिंदी लेवून तयार झाल्या. अक्का त्यांच्याकडे पाहत दाराशी उभी होती. तेव्हा तिच्या मनाचा विचार न करता आम्ही तिला म्हणालो, "अक्का, तू घरी थांबशील ना?" तिने एवढेच उत्तर दिले, "थांबते ना बाबू. मला ठाऊक आहे."

ज्ञातिबंधूंनो, आम्ही चाळीस वर्षे मुलांना शिकविले की सूर्य सर्वांवर सारखा प्रकाशतो. काठीची सावली सर्वांना सारखीच पडते हे मोजून दाखविले. आणि आमच्याच दारात, उजेडाच्या सणाला, तो उजेड ज्या हातांनी घडविला त्या हातांना आम्ही घरी थांबविले. पत्रिका मंडळाने छापली होती. पण ते वाक्य आम्ही उच्चारले होते. अक्का २०२१ साली गेली. तिची क्षमा मागण्याचे राहून गेले. आज तुम्हां सर्वांसमोर ती मागतो.

ही रीत सनातन आहे, ती बदलता येत नाही, असे कोणी म्हणेल. त्यांस आम्ही नम्रपणे काही गोष्टींचे स्मरण देतो. विधवाविवाहास कायद्याने मान्यता मिळाली ती १८५६ साली. आपल्याच विदर्भातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहून विधवांच्या दैन्याचा जाब समाजास विचारला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली स्वतः एका विधवेशी विवाह केला आणि १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. आणि अगदी अलीकडे, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की, पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार गावात होऊ द्यावयाचे नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरविण्यास सांगितले. एक लहान गाव जे करू शकते, ते आपल्या शिकल्यासवरल्या मंडळास का करता येऊ नये?

आणखी एक आक्षेप आम्हांस एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ऐकविला. ते म्हणाले, "मास्तर, त्यांना स्वतःलाच यावयाचे नसते. त्यांना संकोच होतो." हे आम्ही अमान्य करीत नाही. आमच्या अक्कालाही संकोच होत असेल. परंतु संकोच तिने जन्मताना आणला नव्हता. तो आपण तिला दिला. एखादीस यावयाचे नसेल तर आग्रह करू नये, कोणाच्या मनाविरुद्ध कुंकू लावू नये. पण येणे न येणे हे तिने ठरवावे. आपल्या पत्रिकेने ते आधीच ठरवून टाकू नये.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या पत्रिकेवर 'सुवासिनी' हा शब्द काढून 'मंडळातील सर्व भगिनी' असे छापावे. दुसरी, तिळगूळ आणि वाण येणाऱ्या प्रत्येक भगिनीस सारखेच द्यावे. हळदीकुंकू जिला हवे तिला लावावे. तिसरी, पहिला तिळगूळ वाटण्याचा मान त्या दिवशी उपस्थित असलेल्या सर्वांत वयोवृद्ध भगिनीस द्यावा, मग ती कोणीही असो. या सूचनांना मंडळास एक पैचाही खर्च नाही. पत्रिका तर आपण दरवर्षी नव्याने छापतोच.

आमच्या भगिनींना विशेष विनंती अशी की, हा बदल पुरुषांच्या ठरावाने पूर्ण होणार नाही. तो तुमच्या हातांनी होईल. शेजारच्या घरी एखादी काकू, एखादी मावशी, एखादी तरुण सून मागच्या खोलीत बसली असेल. पत्रिका तिच्या घरी टपालाने पाठवू नका. स्वतः जा, तिच्या हातात द्या आणि "तुम्ही याच" असे म्हणा. पूर्वी रेल्वेफाटकाशी ताटकळत उभे राहूनही आपण एकमेकांकडे जात होतो. आता तर वाट सोपी झाली आहे.

आमचा नातू १४ जानेवारीला पुन्हा काठी उभी करणार आहे. हिशेबाने त्या दिवशी सावली ९१ सेंटिमीटरांच्या आसपास भरावी. म्हणजे तेवीस दिवसांत सात सेंटिमीटर कमी. एवढ्या फरकाने थंडी जात नाही, हे खरे. जमीन तापावयास वेळ लागतो. म्हणून दिवस वाढू लागले तरी गारठा काही काळ टिकतोच. समाजाचेही तसेच आहे. एका पत्रिकेतील एक शब्द बदलल्याने सारे दुःख सरणार नाही, हे आम्ही जाणतो. पण सूर्य वळला आहे हे मोजून कळते, आणि आपण वळलो आहोत की नाही हेही येत्या संक्रांतीस त्या सभागृहात कोण कोण आले यावरून मोजता येईल.

अध्यक्षमहाराजांनी आमच्या सूचना ठरावाच्या रूपाने सभेपुढे ठेवाव्यात, अशी आमची प्रार्थना आहे.  संक्रांत अजून थोडी दूर आहे. तरीही आजच सर्वांना म्हणतो, तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि ज्यांच्याशी आजवर बोललो नाही, त्यांच्याशी आधी बोला.